डेटाबेसवाली साईट गूगलमध्ये नीट कशी आणायची: नवख्यांसाठी पायरीपायरीने

ज्यांच्या साईटची पानं कुणी हाताने लिहिलेली नाहीत, डेटाबेसमधून निघतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. दुकानाची साईट, पुस्तकांची, भाड्याच्या खोल्यांची, नोकऱ्यांची, कसलीही असू दे, एक टेम्प्लेट (पानाचा साचा) आणि मागे टेबलात शेकडो हजारो ओळी. पीएचपी असो, जँगो असो, लाराव्हेल असो नाहीतर वर्डप्रेस, भानगडी सगळीकडे त्याच असतात. कोड देत नाहीये कारण प्रत्येकाचा वेगळा, पण काय करायचं आणि कुठल्या क्रमाने ते कळलं की कोड जमतोच.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. समजा मुंबईतल्या हॉलची यादी असलेली साईट आहे, लग्न, मुंज, साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण सगळ्यासाठी. दादर, गिरगाव, परळ, पार्ले, मुलुंड असे ४० एरिया, एकूण ३०० हॉल, प्रत्येक हॉलची टेबलात एक ओळ. (पत्ते मी वाचायला सोपे म्हणून देवनागरीत लिहिलेत, खऱ्या साईटवर ते इंग्रजी अक्षरांत असतील हे धरून चला.)

अजून एक, हे आधीच सांगून टाकते कारण प्रत्येक नवा माणूस इथेच घाबरतो. "पत्त्यात प्रश्नचिन्ह आलं की गूगल वाचत नाही" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. वाचतं हो. २००८ मध्येच गूगलने स्पष्ट लिहिलं होतं की डायनॅमिक (म्हणजे असे प्रश्नचिन्हवाले) पत्ते आम्हाला समजतात. डेटाबेसवाल्या साईटचा खरा त्रास हा की तिला पानांची ठरलेली संख्याच नसते, पत्त्यात एक अक्षर बदललं की बॉटच्या, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामच्या, लेखी ते नवं पान. तेव्हा यातून कुठली पानं गूगलला द्यायची आणि कुठली नाही हे आपण ठरवायचं, खालच्या बहुतेक पायऱ्या त्याच्याच आहेत.

पायरी १: आधी बघा सध्या काय चाललंय

सर्च कन्सोल (आपली साईट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच टूल) लावलेलं नसेल तर आजच लावा, फुकट आहे. डोमेनवाली प्रॉपर्टी घ्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला, नसलेला, एचटीटीपी, एचटीटीपीएस सगळं एकाच जागी दिसतं. त्यासाठी डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकावं लागतं, होस्टिंगवाल्याला सांगितलं तर तोही टाकून देतो.

मग 'पेजेस'चा रिपोर्ट उघडा. आपल्याकडे ३०० हॉल, ४० एरिया, वर होमपेज, संपर्क, आमच्याबद्दल वगैरे दहाबारा, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास पानं इंडेक्स झालेली, म्हणजे गूगलने आपल्या यादीत घेतलेली, हवीत. तिथे जर हजारोंनी पानं दिसत असतील तर पत्ते सुटलेत असं समजा, पायरी २, ३ आणि ४ नीट वाचा. चाळीसपन्नासच दिसत असतील तर बॉट आतपर्यंत पोचतच नाहीये, पायरी ७ आणि ८ आधी वाचा. गूगलच्या सर्चमध्ये 'साईट' लिहून कोलन आणि पुढे डोमेन टाकलं तरी पानं दिसतात, पण तो आकडा अगदीच अंदाजपंचे असतो, त्यावरून निर्णय घेऊ नका.

सर्व्हरचा ॲक्सेस लॉग मिळाला तर सोन्याहून पिवळं. गूगलबॉट दिवसभर कुठल्या पत्त्यांवर फिरतोय ते त्यात दिसतं. फक्त गूगलबॉटचं नाव लावून फिरणारे तोतये पण खूप असतात, आयपीचं रिव्हर्स डीएनएस करून बघा, म्हणजे आयपीवरून डोमेनचं नाव शोधा, खरा असेल तर गूगलच्याच डोमेनवर जातो.

पायरी २: एक हॉल, एकच पत्ता

आपला एक हॉल घ्या, आयडी ४५२. तो हॉल डॉट पीएचपी?आयडी=४५२ वर दिसतो. होमपेजवरच्या लिंकला कुणीतरी &फ्रॉम=होम जोडलंय, तिथूनही तोच दिसतो. एरियाच्या यादीतून आलं की ?एरिया=दादर&आयडी=४५२. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता, शेवटी तिरकी रेघ असताना आणि नसताना, व्हॉट्सॲपवरच्या लिंकला जाहिरातीचं शेपूट (लिंक कुठून आली ते मोजायला शेवटी जोडलेला तुकडा) असताना. चाळीतल्या एकाच खोलीला पंधरा पत्ते असले तर पोस्टमन पत्र कुठल्या पत्त्यावर टाकेल ते जसं त्याच्या मर्जीवर, तसंच इथे, गूगल त्यातला एक स्वतःच निवडतं आणि तो आपल्याला हवा तोच असेल याची गॅरंटी नाही.

तर करायचं काय. टेबलात स्लगचा, म्हणजे पत्त्यात दिसणाऱ्या नावाचा, एक कॉलम टाका, आणि पत्ता असा ठेवा: /हॉल/अमुक-मंगल-कार्यालय-४५२. शेवटचा आयडी मुद्दाम ठेवायचा. सर्व्हरने आयडीवरून ओळ शोधायची आणि पत्त्यातलं नाव टेबलातल्या नावाशी जुळलं नाही तर सरळ ३०१ ('पत्ता कायमचा बदलला' असं सांगणारा कोड) देऊन बरोबर पत्त्यावर पाठवायचं. हॉलचं नाव उद्या बदललं तरी जुनी लिंक मरत नाही, शिवाय एकाच नावाचे दोन हॉल असले (आणि आपल्याकडे देवांच्या नावाचे हॉल किती ते मोजायलाच नको) तरी भांडण नाही.

एरियाचं नाव हॉलच्या पत्त्यात घालावं की नाही यावर लोक वाद घालतात. माझं मत, घालू नका. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, आणि ज्यांनी पत्त्यात एल्फिन्स्टन ठेवलं होतं त्यांना एकतर जुनं नाव वागवत बसावं लागलं नाहीतर प्रत्येक पान हलवावं लागलं. एरिया ही टेबलातली वेगळी गोष्ट आहे, ती बदलू शकते, हॉलची ओळख त्याच्यावर टांगू नका. मात्र पानावरच्या मजकुरात जुनं नाव राहू द्या, कारण लोक अजून एल्फिन्स्टन म्हणतात, व्हीटी म्हणतात आणि तेच टाईप करतात. एरियाच्या टेबलात 'लोक असंही म्हणतात' अशा अर्थाचा एक कॉलम ठेवला की काम होतं.

ज्यांची साईट आधीच आयडीवाल्या पत्त्यांवर चालतेय त्यांनी नुसतं छान दिसावं म्हणून पत्ते बदलू नयेत, फायदा थोडा आणि गोंधळ फार. बदलायचेच असतील तर जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी जोडी ठेवणारं टेबल करा, प्रत्येक जुन्यावरून थेट नव्यावर ३०१, मधे दोन टप्पे नकोत. ३०२ नको, तो तात्पुरत्या बदलासाठी असतो. आणि ही रिडायरेक्टं कमीत कमी वर्षभर ठेवा, जमलं तर कायमचीच. हॉलच्या साईटवाल्यांना एक सल्ला, हे काम चातुर्मासात काढा. मुहूर्त नसतात, ट्रॅफिक कमी असतं, आणि गूगलला नवे पत्ते पचवायला जे काही आठवडे लागतात ते तुळशीचं लग्न लागायच्या आत उरकतात.

आता कॅनॉनिकल. प्रत्येक पानाच्या हेडमध्ये कॅनॉनिकल लिंक टाकायची, या पानाचा खरा पत्ता हा असं सांगणारी. २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनी मिळून हे सुरू केलं. जाहिरातीच्या शेपटांसाठी, सॉर्टसाठी उत्तम. पण ती विनंती आहे, हुकूम नाही. तुम्ही कॅनॉनिकल एक देताय, साईटमॅपमध्ये (गूगलला द्यायची पत्त्यांची यादी, पायरी ८) दुसरा पत्ता आणि मेनूतल्या लिंका तिसऱ्याच पत्त्याला जातायत, असं असलं की गूगल तुमचं ऐकत नाही आणि ऐकावं तरी का. टेम्प्लेटमध्ये कॅनॉनिकल बनवताना ब्राउझरमधला चालू पत्ता उचलून तसाच छापू नका, बरेच जण हेच करतात, मग प्रत्येक डुप्लिकेट पान छातीठोकपणे सांगतं की खरं मीच. टेबलातल्या स्लगवरून बनवा.

सेशन आयडी (साईटवर आलेल्या प्रत्येकाला मिळणारा वेगळा नंबर) पत्त्यात येत असेल तर तो आधी बंद. पीएचपीमध्ये त्याची सेटिंग आहे, सेशन फक्त कुकीत राहिलं पाहिजे.

पायरी ३: फिल्टर, म्हणजे सगळ्यात मोठी गळती

इथे जरा थांबा, कारण बहुतेक साईटचा घोटाळा इथेच असतो.

आपल्या साईटवर फिल्टर काय काय आहेत बघू. एरिया ४०. माणसांची क्षमता, चार गट. एसी किंवा नॉन एसी. व्हेज किंवा नॉनव्हेज. सॉर्ट करायच्या पाच तऱ्हा. पहिले चारही फिल्टर न लावता सोडता येतात, म्हणजे हिशोब ४१ गुणिले ५ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ५. झाले ९,२२५ पत्ते. हॉल ३००! वर फिल्टर कुठल्याही क्रमाने पत्त्यात येत असतील, कधी ?एरिया=परळ&एसी=हो तर कधी ?एसी=हो&एरिया=परळ, तर पाच गोष्टींचे १२० क्रम होतात, म्हणजे पाचही लावलेली एकच यादी १२० पत्त्यांवर. त्यात पान २, पान ३ धरलेलंच नाही.

गूगलबॉट प्रत्येक साईटवर किती वेळ घालवायचा ते ठरवून येतो. तुमची साईट छोटी असेल तर याची फार काळजी नको, गूगल स्वतःच सांगतं की क्रॉल बजेटची (बॉट आपली किती पानं उघडेल त्या मर्यादेची) चिंता दहा लाखांच्या वर पानं असलेल्यांनी, किंवा दहा हजारांच्या वर पानं असून ती रोज बदलणाऱ्यांनी करावी. पण वरचा गुणाकार बघा, ३०० हॉलवाला माणूस न कळत तिथपर्यंत पोचतो.

तर असं करा. कागद घ्या, खरंच कागद घ्या, आणि लिहा की लोक गूगलमध्ये नेमकं काय शोधतात. "दादरमध्ये लग्नाचा हॉल" शोधतात. "पार्ल्यात मुंजीसाठी छोटा हॉल" शोधतात. "परळ नॉन एसी ३०० माणसं भाडं कमी ते जास्त" असं कुणी शोधत नाही, ते साईटवर आल्यावर बटणं दाबून करतात. पहिल्या प्रकारची पानं गूगलसाठी, त्यांना स्वतःचा सुटसुटीत पत्ता, स्वतःचं टायटल, मेनूतून लिंक, उदाहरणार्थ /दादर/लग्नाचे-हॉल. दुसऱ्या प्रकारचं सगळं फक्त माणसांसाठी.

माणसांसाठीच्या पत्त्यांना थांबवायचे तीन रस्ते आहेत आणि नवखे लोक तिन्ही एकदम लावून ठेवतात, ते करू नका, का ते सांगते.

रोबॉट्स डॉट टीएक्सटी (बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणारी साईटवरची फाईल) मध्ये डिसअलाऊ लिहिलं की बॉट तो पत्ता उघडतच नाही. क्रॉल वाचवायला हाच खरा उपाय. गूगल यात तारा (*) म्हणजे 'इथे काहीही चालेल' असं वाइल्डकार्ड ओळखतं, तेव्हा 'प्रश्नचिन्हानंतर कुठेही सॉर्ट= आलं तर बंद' असा नियम एका ओळीत होतो. पण उघडत नाही याचा अर्थ इंडेक्समध्ये येणारच नाही असा नाही, बाहेरून लिंक असली तर नुसता पत्ता, आतला मजकूर न वाचता, रिझल्टमध्ये येऊ शकतो.

नोइंडेक्सचा मेटा टॅग पानाच्या आत असतो. पान इंडेक्समधून काढायला हा पक्का उपाय, पण तो वाचायला बॉटला पान उघडावं लागतं. आता कळलं ना दोन्ही एकत्र का चालत नाहीत, रोबॉट्समध्ये दार बंद केलंत तर आतली नोइंडेक्सची पाटी तो वाचणार कशी? आणि नोइंडेक्स थेट रोबॉट्स डॉट टीएक्सटी मध्येच लिहायची युक्ती कुठे जुन्या लेखात वाचली असेल तर विसरा, गूगलने ते १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केलंय.

कॅनॉनिकल तिसरा. सॉर्टसाठी बरोबर, कारण यादी तीच आणि क्रम वेगळा. 'नॉन एसी' फिल्टर लावल्यावर यादीच बदलत असेल तर ते मूळ पानाचं डुप्लिकेट राहिलं नाही, तिथे कॅनॉनिकलला गूगल जुमानेलच असं नाही.

माझा साधा नियम: हजारो पत्ते आधीच इंडेक्समध्ये शिरले असतील तर आधी नोइंडेक्स लावा, ते बाहेर पडेपर्यंत थांबा, मग रोबॉट्समध्ये बंद करा. नवीन साईट असेल तर पहिल्या दिवसापासून रोबॉट्समध्ये बंद. आणि फिल्टरचा क्रम कोडमध्येच पक्का करा, कुणी कसाही क्लिक केला तरी पत्ता एकाच क्रमाने बनला पाहिजे. सर्च कन्सोलमध्ये पूर्वी पॅरामीटर (पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येणारे तुकडे) सांगायचं एक टूल होतं, ते २०२२ मध्ये काढून टाकलं, शोधत बसू नका.

साईटच्या आतला सर्च बॉक्स पण यातच. त्याच्या रिझल्टची पानं गूगलला द्यायची नाहीत, कारण कुणी त्यात काहीही टाईप करू शकतं आणि काही लोक मुद्दाम घाण शब्द टाईप करून ते पत्ते इंडेक्स करवतात.

पायरी ४: तारखांचा सापळा

हॉलच्या साईटवर कॅलेंडर असतंच, कुठली तारीख मोकळी ते दाखवणारं. त्याच्यात 'पुढचा महिना' अशी साधी लिंक असते. बॉट त्या लिंकवर जातो, तिथे परत पुढचा महिना, मग परत, असं करत करत तो २०९० सालापर्यंत जाऊ शकतो, प्रत्येक हॉलसाठी वेगळा. सगळी पानं रिकामी. उपाय सोपा आहे, कॅलेंडरला शेवटची तारीख द्या, दोन वर्षांपुढे लिंकच नको, आणि तारखेचा पॅरामीटर रोबॉट्समध्ये बंद. झालं.

पायरी ५: टायटल आणि मजकूर टेबलातून कसा काढायचा

टेम्प्लेटमधलं टायटल सगळ्या पानांना सारखंच, "मुंबईतील हॉल, स्वागत आहे", असं असलं तर ३०० पानं एकमेकांच्या वाटेत येतात. टायटल टेबलातल्या कॉलमवरून जोडा: हॉलचं नाव, मग एरिया, मग क्षमता. डिस्क्रिप्शन (रिझल्टमध्ये टायटलखाली दिसतं ते) तसंच, दोन वाक्यं, भाडं आणि जवळचं स्टेशन आलं तर क्लिक जास्त येतात. गूगल बऱ्याचदा डिस्क्रिप्शन आपल्या मनाने बदलतं, तरी द्या. मेटा कीवर्ड्सवर वेळ घालवू नका, गूगलने २००९ मध्येच सांगितलंय की ते बघत नाही.

रिकाम्या कॉलमकडे लक्ष द्या. क्षमता भरलेली नसेल तर टायटलमध्ये "नल माणसांसाठी हॉल" (नल म्हणजे डेटाबेसच्या भाषेत रिकामं) असं छापलेलं मी गूगलमध्ये पाहिलंय, आणि हसू पण आलं आणि मालकाची कीव पण आली. टेम्प्लेटमध्ये अट टाका, माहिती नसेल तर तो तुकडाच गाळा.

मराठीचा प्रश्न वेगळा आहे आणि यावर कुणी फार बोलत नाही म्हणून लिहिते. डेटाबेस, टेबल, कनेक्शन तिन्ही यूटीएफ८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या चालतात अशी अक्षरांची सेटिंग) वर हवीत, मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ घ्या. एक जरी जुन्या लॅटिन सेटिंगवर राहिलं तर मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि गूगल ती प्रश्नचिन्हंच इंडेक्स करतं. स्लग देवनागरीत ठेवला तर चालतो, गूगल नीट वाचतं, पण कॉपी केल्यावर एका अक्षराची किंवा मात्रेची नऊ चिन्हं होतात, साधं 'दादर' ३६ चिन्हांचं होतं, आणि व्हॉट्सॲपवर तो लांबच लांब पत्ता बघून लोकांना फ्रॉड लिंक वाटते. म्हणून स्लग रोमनमध्ये, टायटल आणि मजकूर मराठीत, असं मी करते. लोक "मुंजीसाठी हॉल" देवनागरीत टाईप करतात, रोमनमध्ये करतात, आणि "थ्रेड सेरेमनी" असं इंग्रजीतही करतात. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये लोकांनी काय टाईप केलं ते दिसतं, तिथले शब्द उचलून मजकुरात सहज बसतील तिथे बसवा. मराठी आणि इंग्रजी अशी दोन स्वतंत्र पानं असतील तर एचरेफलँग (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते सांगणारा टॅग) लावा, दोन्ही पानांनी एकमेकांचं नाव घेतलं पाहिजे, एकतर्फी असेल तर गूगल ते धरत नाही.

आता एरियाची पानं. मोह होतो की ४० एरिया आहेत, पाच समारंभ आहेत, दोनशे पानं एका लूपमध्ये काढून टाकू, "माटुंग्यात बारशासाठी हॉल", "सायनमध्ये बारशासाठी हॉल", खाली तोच परिच्छेद फक्त नाव बदलून. गूगलच्या स्पॅम नियमांत याला डोअरवे पानं म्हणतात, आणि मार्च २०२४ पासून घाऊक प्रमाणात पानं पाडण्याविरुद्ध वेगळा नियमही आलाय. पान तेव्हाच काढा जेव्हा त्यावर दाखवायला खरं काही आहे. कोडमध्येच अट घाला, त्या एरियात त्या समारंभासाठी तीन तरी हॉल असतील तरच पान, नाहीतर नाही. तीनच का, माझा अंदाज, तुम्ही चार धरा. आणि प्रत्येक एरियासाठी टेबलात एक मोठा टेक्स्ट कॉलम ठेवून माणसाने लिहिलेली माहिती भरा, स्टेशनपासून चालत किती, गाड्या कुठे लावायच्या, रात्री दहानंतर स्पीकर बंद करावा लागतो, पावसात तो रस्ता तुंबतो का. हिंदमाताजवळच्या हॉलला जुलैमध्ये साखरपुडा ठेवणाऱ्याला ही शेवटची माहिती पाहिजेच.

पायरी ६: रिकामी पानं आणि बंद पडलेले हॉल

फिल्टर लावल्यावर "एकही हॉल सापडला नाही" असं येत असेल तर सर्व्हरने ४०४ कोड ('असं पान नाही') द्यायला हवा. बहुतेक साईट २०० देतात, म्हणजे सगळं ठीक आहे असं, आणि पानावर काहीच नसतं. याला सॉफ्ट ४०४ म्हणतात, सर्च कन्सोलमध्ये त्याच नावाने दिसतं.

मुंबईत हॉल बंद पडतच असतात, जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की हॉल गेला. ओळ टेबलातून डिलीट करू नका, स्टेटस बदला. त्याच मालकाने दुसरीकडे हॉल सुरू केला असेल तर ३०१ नव्यावर. कायमचा गेला असेल तर ४०४ किंवा ४१० ('होतं, पण कायमचं गेलं'), गूगलच्या लेखी दोन्ही जवळजवळ सारखेच. दोन वर्षांनी परत उघडणार असेल तर पान राहू द्या आणि वर ठळक लिहा की सध्या बंद आहे. सगळी गेलेली पानं उचलून होमपेजवर रिडायरेक्ट करणं हा आळशी उपाय, गूगल त्याला पण सॉफ्ट ४०४ धरतं आणि आलेला माणूस वैतागतो तो वेगळाच.

पायरी ७: लिंक ही लिंक असली पाहिजे

गूगलबॉट बटणं दाबत नाही आणि माणसासारखं खाली खाली स्क्रोल करत बसत नाही. 'आणखी हॉल दाखवा' या बटणामागे फक्त जावास्क्रिप्ट असेल तर पहिले २० हॉल त्याला दिसतात, बाकीचे २८० नाहीत. तेव्हा खाली पान १, २, ३ अशा साध्या लिंका हव्यात, ए टॅग आणि त्यात एचरेफ. वरून बटण दिसू दे, हरकत नाही. पान २ चा कॅनॉनिकल पान २ च ठेवा, पहिल्या पानाचा नको, नाहीतर पुढच्या यादीतले हॉल वाऱ्यावर. आणि प्रीव्ह नेक्स्टचे (आधीचं आणि पुढचं पान सांगणारे) टॅग गूगल वापरत नाही हे त्यांनी २०१९ मध्ये सांगितलंय, असले तर असू द्या.

पत्त्यात हॅश चिन्हानंतर जे असतं ते गूगल धरत नाही, त्यामुळे #हॉल=४५२ असे पत्ते म्हणजे सगळं एकच पान.

रिॲक्ट, व्ह्यू वगैरे जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कमध्ये बनवलेली साईट असेल तर गूगल जावास्क्रिप्ट चालवून बघतं, २०१९ पासून त्याचा बॉट ताज्या क्रोमियमवर चालतो, पण बाकीचे सगळे बॉट चालवतातच असं नाही. हॉलचं नाव, भाडं, पत्ता एवढं तरी सर्व्हरकडूनच एचटीएमएलमध्ये तयार येऊ द्या. तपासायला सर्च कन्सोलमध्ये 'यूआरएल इन्स्पेक्शन' उघडा, लाईव्ह टेस्ट करा आणि त्यात आलेल्या एचटीएमएलमध्ये हॉलचं नाव शोधा. सापडलं नाही तर गूगललाही सापडलेलं नाही.

पायरी ८: साईटमॅप

हाताने बनवू नका, क्वेरीवरून बनवा, रोज रात्री एकदा. फक्त चालू हॉल, फक्त कॅनॉनिकल पत्ते, फक्त २०० देणारी पानं. एका फाईलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी, त्याच्यापुढे गेलं तर तुकडे करा आणि वर एक इंडेक्स फाईल. लास्टमॉडची (पान शेवटचं कधी बदललं ती) तारीख टेबलातल्या अपडेटच्या कॉलमवरून घ्या, पण कुणी हॉल बघितला की व्ह्यू काउंट वाढून ती तारीख बदलते असं काही असेल तर ते आधी सुधारा. रोज सगळ्या पानांना आजची तारीख दिली की गूगल त्या तारखेवर विश्वास ठेवणं सोडून देतं. प्रायॉरिटी आणि चेंजफ्रीक (पान किती महत्त्वाचं आणि किती वेळा बदलतं ते सांगणारे साईटमॅपमधले रकाने) तर ते बघतच नाही.

पायरी ९: स्पीड आणि बाकी किडुकमिडुक

सर्व्हर हळू उत्तर देत असेल किंवा ५०० चे (सर्व्हरच बिघडल्याचे) एरर येत असतील तर बॉट आपणहून येणं कमी करतो. ज्या कॉलमवर फिल्टर लागतात त्यांना डेटाबेसमध्ये इंडेक्स आहे का बघा (हा इंडेक्स वेगळा, गूगलचा नव्हे). यादीतल्या २० हॉलच्या फोटोंसाठी २० वेगळ्या क्वेऱ्या जात असतील तर एका जॉइनमध्ये आणा. एरियाची पानं दर मिनिटाला बदलत नाहीत, तास दोन तास कॅशमध्ये ठेवा. मेंटेनन्ससाठी साईट बंद ठेवायची असेल तर ५०३ ('तात्पुरतं बंद') द्या, "लवकरच परत येऊ" असं पान २०० ने देऊ नका, नाहीतर तेच इंडेक्स होतं.

गूगल आता मोबाईलवरची साईट बघूनच इंडेक्स करतं, म्हणून मोबाईलवर जागा नाही म्हणून भाड्याची माहिती उडवली असेल तर गूगलसाठी ती नाहीच. कोअर वेब व्हायटल्सचे (गूगलची पानाच्या वेगाची मोजमापं) आकडे लक्षात ठेवा: मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत, आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या खाली. फोटोंना रुंदी उंची दिली की शेवटचा बहुतेक सुटतो. ऑफिसच्या वायफायवर तपासू नका, संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये उभं राहून उघडा, लोक हॉल तिथेच शोधत असतात.

स्ट्रक्चर्ड डेटा (पानावरची माहिती बॉटला कळेल अशा ठरलेल्या साच्यात) जेसन एलडीमध्ये, टेम्प्लेटमध्ये एकदाच लिहायचा, कॉलम भरले जातात. ब्रेडक्रम्ब (होमपेज, एरिया, हॉल अशी वाट) आणि जागेची माहिती एवढं पुरे. पानावर जे दिसत नाही ते त्यात घालू नका, खोटे स्टार तर अजिबात नकोत.

टेस्टिंगची कॉपी वेगळ्या सबडोमेनवर असेल तर तिला पासवर्ड लावा. रोबॉट्समध्ये बंद करून भागत नाही, ते वर सांगितलंच. आणि साईट लाईव्ह करताना टेस्टिंगचा नोइंडेक्स सोबत लाईव्ह गेला नाही ना ते त्याच दिवशी सोर्स उघडून बघा.

पायरी १०: मग वाट बघा, पण बघत राहा

आठवड्यातून एकदा पेजेसचा रिपोर्ट. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता माहितीय पण अजून उघडला नाही, हे खूप असतील तर फालतू पत्ते जास्त आहेत किंवा सर्व्हर हळू आहे, पायरी ३ आणि ९. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे वाचलं आणि ठेवावंसं वाटलं नाही, तिथे टेक्निकल काही शोधू नका, पानावर मजकूरच कमी आहे, पायरी ५. 'डुप्लिकेट, गूगल चोझ डिफरंट कॅनॉनिकल' दिसलं तर पायरी २, आणि तिथे गूगलने कुठला पत्ता निवडलाय तोही इन्स्पेक्शनमध्ये दिसतो, त्यावरून कुठली लिंक चुकतेय ते लगेच कळतं. नोइंडेक्स आणि रोबॉट्सने अडवलेले पत्ते 'नॉट इंडेक्स्ड'च्या यादीत शेकड्यांनी दिसतील, मालकाचा घाबरून फोन येईल, त्याला सांगा ते आपणच अडवलेत. एखादा महत्त्वाचा हॉल आलाच नसेल तर 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' एकदा दाबा, दहा वेळा दाबून लवकर होत नाही.